सिद्धतेचा भार : 'अनदर प्रॉमिस' या कोरियन चित्रपटातील न्यायसंकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

यंत्रात सापडून कामगाराचा हात तुटतो, तेव्हा त्या अपघाताला वेळ असते, स्थळ असते आणि बहुधा साक्षीदारही असतात. रसायनांच्या दीर्घ संपर्कातून जडणाऱ्या आजाराला यांपैकी काहीच नसते. तो कारखान्यात सुरू होतो आणि घरी किंवा रुग्णालयात प्रकट होतो. दरम्यान काही महिने, कधी कित्येक वर्षे उलटलेली असतात. कारखान्यातील यंत्रे, रसायने आणि कामाची पद्धत बदललेली असते. त्यामुळे 'हा आजार कामामुळे झाला' हे कामगाराचे साधे विधान कायद्यापुढे सिद्ध करावयाचा दावा बनते आणि ते सिद्ध करण्याची साधने मात्र ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याच्याच कपाटात असतात. व्यवसायजन्य आजारांच्या प्रश्नातील अन्यायाचे मूळ या विषमतेत आहे.

दक्षिण कोरियातील दिग्दर्शक किम ते-युन यांचा 'अनदर प्रॉमिस' (२०१४) हा चित्रपट याच प्रश्नावर उभा आहे. सॅमसंग कंपनीच्या सेमीकंडक्टर कारखान्यात काम केलेल्या आणि रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ह्वांग यु-मी या तरुणीची व तिच्या वडिलांची ही सत्यकथा. प्रस्तुत लेखात या चित्रपटाने न्यायाची कोणती कल्पना प्रेक्षकांपुढे ठेवली, त्या कल्पनेचे सामर्थ्य कशात आहे आणि ती कोठे अपुरी पडते, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी मूळ घटनाक्रम, त्याच विषयावरील अन्य कलाकृती आणि त्याच वर्षीचा 'कोर्ट' हा मराठी चित्रपट यांचा तुलनेसाठी आधार घेतला आहे.

घटनेची पार्श्वभूमी

ह्वांग यु-मी ही सोकचो या समुद्रकाठच्या शहरातील टॅक्सीचालकाची मुलगी. २००३ साली, शालेय शिक्षण संपता संपता, ती सॅमसंगच्या गिहुंग येथील कारखान्यात कामाला लागली. सिलिकॉनच्या चकत्या रसायनांच्या कुंडांत बुडवून काढणे हे तिच्या कामाचे स्वरूप होते. २००५ च्या जूनमध्ये तिला तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. ६ मार्च २००७ रोजी रुग्णालयातून घरी परतत असताना वडिलांच्या टॅक्सीतच तिचा मृत्यू झाला. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. त्याच ठिकाणी तिच्या जोडीने काम करणारी ली सुक-यंग ही सहकारी याच आजाराने २००६ साली मरण पावली होती.

दोघींच्या जोडीतील दोघींनाही एकच आजार होतो, ही गोष्ट वडील ह्वांग सांग-गी यांना योगायोगाची वाटली नाही. त्यांच्याजवळ वैद्यकीय ज्ञान नव्हते. होते ते केवळ हे निरीक्षण. २००७ साली त्यांनी कामगार नुकसानभरपाईसाठी शासकीय यंत्रणेकडे अर्ज केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कामगार कार्यकर्ते, वैद्यकतज्ज्ञ व पीडित कुटुंबे यांच्या पुढाकाराने 'बानोलिम' ही संघटना उभी राहिली. या नावाला दुहेरी अर्थ आहे. सेमीकंडक्टरसाठी असलेल्या कोरियन शब्दाचे पहिले अक्षर त्यात येते आणि अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात धरण्याच्या गणिती रीतीलाही हाच शब्द आहे. अपुरा पुरावा कोणाच्या बाजूने पूर्ण धरावयाचा, हाच पुढे या साऱ्या लढ्याचा प्रश्न ठरला, हे लक्षात घेता हे नाव अन्वर्थक वाटते.

२००९ साली शासकीय यंत्रणेने अर्ज फेटाळला. प्रकरण न्यायालयात गेले. २३ जून २०११ रोजी सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने ह्वांग यु-मी आणि ली सुक-यंग यांचे मृत्यू व्यवसायजन्य आजाराने झाल्याचे मान्य केले. विविध घातक रसायने व किरणोत्सर्ग यांच्या संपर्कामुळे त्यांचा आजार उद्भवला, निदान बळावला, असे मानण्यास जागा आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

चित्रपटाची मांडणी

चित्रपटात कंपनीचे नाव 'जिनसंग' असे बदलले आहे आणि वडिलांचे पात्र हान सांग-गू या नावाने येते. पार्क चोल-मिन या अभिनेत्याने ही भूमिका केली आहे. विनोदी भूमिकांसाठी परिचित असलेल्या या नटाची निवड अर्थपूर्ण आहे. त्याचा सांग-गू हा चळवळीतला माणूस नाही. तो बोलका, संसारात रमलेला, मोठ्या कंपनीत मुलीला नोकरी लागली म्हणून हरखून गेलेला बाप आहे. या बापाला कंपनीविषयी मुळात अढी नाही. उलट आदरच आहे. म्हणून कंपनीचा माणूस पैसे पुढे करून प्रकरण मिटवू पाहतो, तेव्हा सांग-गूचा संताप राजकीय नसतो. विश्वास मोडलेल्या माणसाचा तो संताप असतो.

या चित्रपटाचे आधीचे नाव 'अनदर फॅमिली' असे होते आणि २०१३ च्या बुसान चित्रपट महोत्सवात तो याच नावाने दाखवला गेला. 'आणखी एक कुटुंब' हे सॅमसंगच्या जाहिरातींतील प्रसिद्ध घोषवाक्य होते. प्रदर्शनाच्या वेळी 'कुटुंब' जाऊन 'वचन' आले. या नामांतराकडे केवळ व्यावहारिक तडजोड म्हणून पाहता येणार नाही. कंपनीने कुटुंबाची भाषा स्वतःसाठी वापरली होती. चित्रपटाने ती भाषा खऱ्या कुटुंबाला परत दिली. बापाने मरणासन्न मुलीला दिलेला शब्द हे या चित्रपटाचे कथासूत्र होय. त्याची भावप्रधान शैली हा दोष मानणाऱ्यांनी ही बाब विसरू नये. जेथे मालक स्वतःला कुटुंबप्रमुख म्हणवतो, तेथे घराघरातील दुःख घरगुती भाषेतच सांगणे हाही प्रतिवाद असतो.

टॅक्सीचा उपयोगही असाच विचारात घेण्याजोगा आहे. टॅक्सी हे बापाचे कामाचे ठिकाण. ते सर्वांना दिसते, काचेतून आरपार पाहता येते. मुलीचे कामाचे ठिकाण मात्र कुंपणाआड, विशेष पोशाखाआड आणि गुप्ततेच्या नियमांआड आहे. ज्या ठिकाणी ती आजारी पडली ते ठिकाण बापाला कधीच पाहता येत नाही. ज्या ठिकाणी ती प्राण सोडते ते ठिकाण मात्र त्याला रोज चालवावे लागते. दोन कार्यस्थळांमधील हा विरोध चित्रपट कोठेही बोलून दाखवत नाही. म्हणूनच तो परिणामकारक झाला आहे.

या चित्रपटाची निर्मिती मोठ्या प्रमाणावर सामान्य नागरिकांच्या वर्गणीतून झाली. ६ फेब्रुवारी २०१४ रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा मोठ्या चित्रपटगृह-साखळ्यांनी त्याला पुरेसे पडदे दिले नाहीत, असा वाद निर्माण झाला.

न दिसणारे कार्यस्थळ

चित्रपटाची पहिली महत्त्वाची मर्यादा येथेच जाणवते. कथा बापाच्या बाजूने सांगितल्यामुळे कामगार मुलगी लवकरच आठवणीत जमा होते. तिला काय दिसत होते, कशाचा वास येत होता, पाळी संपल्यावर अंग कसे दुखत होते, सोबतच्या मुली एकमेकींत काय बोलत होत्या, हे जग प्रेक्षकांच्या वाट्याला फार थोडे येते. मुलीचे दुःख बापाच्या चेहऱ्यावर वाचावे लागते.

वास्तविक या उद्योगातील कार्यस्थळ हाच मोठा नाट्यविषय आहे. चिप जेथे तयार होते त्या दालनाला 'क्लीन रूम' म्हणतात. तेथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून प्रवेश करावा लागतो. बाहेरच्या माणसाला वाटते की, हा पोशाख कामगाराच्या रक्षणासाठी आहे. प्रत्यक्षात माणसाच्या त्वचेचे व केसांचे कण चकतीवर पडू नयेत, हा त्याचा मुख्य हेतू असतो. हवेचेही तसेच. ती गाळण्यांतून पुन्हा पुन्हा फिरवली जाते. या गाळण्या धुळीचे कण अडवतात, रसायनांची वाफ सहसा अडवत नाहीत. म्हणजे स्वच्छता कोणाची, तर वस्तूची. माणूस तेथे अस्वच्छतेचे एक कारण म्हणूनच गणला जातो.

किम सुंग-ही या चित्रकर्तीच्या २०१२ सालच्या चित्रकथेचे शीर्षकच 'धूळ नसलेली खोली' अशा अर्थाचे आहे. स्वतः त्याच कंपनीत काम केलेल्या आणि तेथेच काम करणारा पती रक्ताच्या कर्करोगाने गमावलेल्या स्त्रीचा अनुभव त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. त्यामुळे कामाची प्रक्रिया तेथे आतून उलगडत जाते. २०१४ सालीच प्रदर्शित झालेल्या होंग ली-ग्योंग यांच्या 'द एम्पायर ऑफ शेम' या माहितीपटानेही एका बापाऐवजी अनेक पीडितांना बोलू दिले. या दोन्ही कलाकृतींशेजारी ठेवून पाहिले असता 'अनदर प्रॉमिस'ने लोकप्रियतेसाठी काय मिळवले आणि काय सोडले, हे स्पष्ट होते. त्याने एका मुलीचे नाव सर्वतोमुखी केले. परंतु तिच्यासारख्या शेकडो मुली जेथे काम करीत होत्या, ते दालन पुन्हा एकदा पडद्याआडच राहिले.

वचन आणि पुरावा

दुसरी मर्यादा न्यायाच्या कल्पनेविषयी आहे. कोणत्याही न्यायालयीन चित्रपटाला निकालाचा क्षण हवा असतो. येथेही बापाने दिलेले वचन आणि न्यायालयाचा निकाल हे कथेचे दोन काठ आहेत. परिणामी न्याय हे चिकाटीचे फळ आहे, असा संस्कार प्रेक्षकाच्या मनावर होतो. बापाने पैसे नाकारले, तो डगमगला नाही, म्हणून अखेर सत्य जिंकले.

मूळ खटल्याचा निकाल मात्र असे सांगत नाही. २०११ साली ज्या दिवशी दोन तरुणींच्या बाजूने निर्णय लागला, त्याच दिवशी त्याच खटल्यातील आणखी तीन कामगारांचे दावे फेटाळले गेले. 'धूळ नसलेली खोली'मधील त्या स्त्रीच्या पतीचा दावा त्यांपैकीच एक. २०१४ साली उच्च न्यायालयातही हेच घडले आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचे अपील नाकारले. त्यांच्या कुटुंबांची चिकाटी कमी होती काय? मुळीच नाही. कमी होता तो पुरावा. आणि पुरावा कमी असण्याचे कारण कामगारांच्या वागण्यात नव्हते. कोणती रसायने, किती प्रमाणात, किती काळ, या प्रश्नांची उत्तरे व्यापारी गुपिताच्या कुलपात होती.

कोरियन न्यायालयांनी वैद्यकशास्त्रीय निःसंदिग्धतेचा आग्रह धरलेला नाही. कामाशी सबळ संबंध अनुमानता आला तरी पुरे, असे तत्त्व तेथे मान्य आहे. तथापि अनुमान करावयाचे तरी हाती काही धागे लागतात. संपर्काच्या नोंदीच उपलब्ध नसतील, तर उदार तत्त्वही पांगळे होते. ज्याने नोंदी ठेवल्या नाहीत किंवा दिल्या नाहीत, त्यालाच त्या अभावाचा लाभ मिळतो. आपले घर जाळणाऱ्यानेच राख दाखवा म्हणावे, असा हा प्रकार आहे.

या पेचाला कायद्याच्या पातळीवर उत्तर मिळाले ते चित्रपटानंतर तीन वर्षांनी. ऑगस्ट २०१७ मध्ये सॅमसंगच्या एलसीडी कारखान्यात काम केलेल्या व मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या दुर्धर आजाराने ग्रासलेल्या एका महिला कामगाराच्या प्रकरणात कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. मालकाने माहिती देण्यास नकार दिल्यामुळे किंवा शासकीय तपास अपुरा राहिल्यामुळे जर पुरावा मिळू शकत नसेल, तर ती परिस्थिती कामगाराला अनुकूल अशी बाब म्हणून विचारात घ्यावी, हे त्या निर्णयाचे सार होय. अपूर्णांक कोणाच्या बाजूने पूर्ण धरावयाचा, या प्रश्नाचे हे उत्तर होते. या निर्णयात एकही अश्रू नाही. तरीही 'अनदर प्रॉमिस'च्या भावोत्कट शेवटापेक्षा न्यायाची अधिक मूलगामी कल्पना त्यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'कोर्ट'शी तुलना

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ सालच्याच व्हेनिस महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेथे मृत्यू पावलेला वासुदेव पवार हा कारखान्यातला कामगार नसून मुंबईच्या गटारात उतरणारा सफाई कामगार आहे. तरीही विषारी वायू, कामावरचा मृत्यू आणि न्यायालय हे तिन्ही घटक येथेही आहेत. म्हणून ही तुलना उपयुक्त ठरते.

'कोर्ट'मध्ये मृत्यूचा जाब मालकाला विचारलाच जात नाही. खटला भरला जातो तो नारायण कांबळे या लोकशाहिरावर. त्याच्या गाण्याने कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून. सत्य बाहेर येते ते वासुदेवच्या विधवेच्या साक्षीतून. नवऱ्याला सुरक्षेची साधने मिळत नव्हती, वायूमुळे त्याचा एक डोळा गेला होता, दुर्गंधी सहन व्हावी म्हणून तो दारू पिऊन उतरे, खडा टाकून झुरळे बाहेर येतात का हे पाहून तो आत जाण्याचा निर्णय घेई. हे सारे ती कोरड्या, सपाट आवाजात सांगते. व्यवसायजन्य धोक्याचा इतका सबळ पुरावा न्यायालयासमोर येतो आणि त्याचा उपयोग काय होतो? शाहिराला जामीन देण्यापुरता. त्या पुराव्यावरून नवा प्रश्न विचारण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. शाहिराला पुढे दुसऱ्या कायद्याखाली पुन्हा अटक होते आणि विधवा आपल्या मार्गाने निघून जाते.

कोरियन चित्रपटात प्रश्न योग्य आहे आणि पुरावा कुलपात आहे. मराठी चित्रपटात पुरावा समोर आहे आणि प्रश्नच चुकीचा आहे. दोन्हींत न्याय अडतो. परंतु अडण्याची कारणे भिन्न आहेत. 'अनदर प्रॉमिस' प्रेक्षकाला निकालाचा दिलासा देऊन घरी पाठवतो. 'कोर्ट' न्यायालयाचे दिवे मालवले जातात तो अंधार दाखवतो आणि त्यानंतरही सुटीवर गेलेल्या न्यायाधीशाच्या मागे जात राहतो. पहिल्याने लोक जागे होतात, दुसऱ्याने अस्वस्थ होतात. व्यवसायजन्य आजारांविषयीच्या कलेला या दोहोंची आवश्यकता आहे. मात्र पहिल्या प्रकारच्या कलाकृतीचे मूल्यमापन करताना दुसरीची शिस्त नजरेसमोर ठेवणे हितावह ठरते.

चित्रपटानंतरचा इतिहास

चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर तीन महिन्यांनी, १४ मे २०१४ रोजी, सॅमसंगने पीडितांची जाहीर क्षमा मागितली. एका घटनेमागोमाग दुसरी घडली म्हणून पहिलीला कारण ठरवणे योग्य नाही. मात्र लोकमताचा दाब वाढवण्यात चित्रपटाचा वाटा होता, असे म्हणण्यास हरकत नसावी. ऑगस्ट २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने दोन तरुणींच्या बाजूचा निर्णय कायम ठेवला.

तथापि प्रश्न सुटला नाही. २०१५ साली माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील मध्यस्थ समितीने स्वतंत्र संस्थेमार्फत भरपाई व प्रतिबंधक उपाय करण्याची शिफारस केली. कंपनीने मात्र भरपाईची स्वतःचीच यंत्रणा उभी केली. भरपाई देणारा आणि पात्रता ठरवणारा एकच असावा काय, हा त्यावरील आक्षेप होता. ऑक्टोबर २०१५ पासून बानोलिमने सोलमध्ये कंपनीच्या इमारतीसमोर धरणे धरले. ते १०२३ दिवस चालले. २३ नोव्हेंबर २०१८ रोजी कंपनीने आरोग्याच्या धोक्यांचे व्यवस्थापन पुरेसे केले नसल्याची कबुली देत पुन्हा क्षमा मागितली. १९८४ पासूनच्या कामगारांना लागू होणारी आणि कमाल १५ कोटी वॉनपर्यंतची भरपाई देणारी योजना मान्य झाली. कार्यकारणभावाचा काटेकोर पुरावा मागायचा नाही, हे या योजनेचे वैशिष्ट्य. बापाचे वचन खऱ्या अर्थाने पुरे झाले ते या दिवशी, म्हणजे मुलीच्या मृत्यूनंतर जवळपास बारा वर्षांनी. पडद्यावरील शेवट आणि वास्तवातील शेवट यांत सात वर्षांचे अंतर आहे.

त्यानंतर २०१९ साली कोरियाच्या शासकीय संस्थेने सेमीकंडक्टर कामगारांचा दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या उद्योगातील महिला कामगारांचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या १.७१ पट आणि अन्य कामगारांच्या २.३ पट आढळला. जे एका टॅक्सीचालकाने दोन मृत्यूंवरून ओळखले, ते आकड्यांत उतरण्यास एक तप लागले. परंतु त्याच वर्षी तेथील औद्योगिक तंत्रज्ञान संरक्षण कायद्यात बदल होऊन 'राष्ट्रीय महत्त्वाचे तंत्रज्ञान' या सबबीखाली कारखान्यातील माहिती रोखून धरण्याचा मार्ग अधिक प्रशस्त झाला. भरपाईचे दार उघडले, माहितीचे पुन्हा लोटले गेले.

निष्कर्ष

१. 'अनदर प्रॉमिस'चे सर्वांत मोठे यश म्हणजे त्याने कंपनीने उचललेली कुटुंबाची भाषा पीडित कुटुंबाला परत मिळवून दिली. त्याची भावप्रधानता या संदर्भात समर्थनीय आहे.

२. कामगार स्त्रीचा स्वतःचा आवाज आणि तिचे कार्यस्थळ या चित्रपटात गौण राहिले आहे. ही उणीव चित्रकथा व माहितीपट यांनी काही प्रमाणात भरून काढली.

३. न्यायाला वैयक्तिक चिकाटीचे फळ मानल्यामुळे हरलेल्या कुटुंबांच्या पराजयाचा अर्थ चित्रपटाच्या चौकटीत लागत नाही. सिद्धतेचा भार कोणावर आणि माहितीचा ताबा कोणाकडे, हा खरा प्रश्न आहे.

४. म्हणून अशा कलाकृतींची चिकित्सा करताना त्या करुणा किती जागवतात यासोबतच, पुरावा कोठे अडला आहे हे त्या दाखवतात की नाही, हा निकषही लावला पाहिजे.

हा विचार आपल्यासाठी परका नाही. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाच्या आरंभापासून किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. आजार उशिरा प्रकटतो आणि नोंद नसेल तर न्याय मिळत नाही, हे त्या आदेशामागील शहाणपण होय. २०२१ साली मान्यता मिळालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार भारतातही चिपनिर्मितीच्या उद्योगाची उभारणी होत आहे. त्या दालनांत उद्या आपल्या गावांतील मुली पांढरा पोशाख घालून जातील. त्यांच्या घरच्यांना कोणत्या रसायनाचे नाव सांगितले जाईल आणि त्यांच्या आरोग्याची नोंद कोणाच्या कपाटात राहील, हे आजच ठरवून घेतले पाहिजे. त्यासाठी कोणा बापाच्या वचनाची वाट पाहणे योग्य होणार नाही.